देवराई : दर्शनासाठी, संग्रहासाठी नव्हे

अशोकारिष्टाच्या एका पाठास अशोकत्वक् एक तुला, म्हणजे शंभर पल लागते, हे आपण विद्यार्थिदशेपासून जाणतो. परंतु ती तुलाभर साल कोणत्या वृक्षाची, तो कोठे उभा होता व साल काढल्यानंतर जगला काय, हे प्रश्न आपल्यापैकी फारच थोड्यांनी पुरवठादारास विचारले असतील. प्रस्तुत लेखकही त्यास अपवाद नाही.

काही वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांसमवेत आंबेगाव तालुक्यातील आहुपे येथील देवराईत जाण्याचा योग आला. पठारावरील रखरखीत उन्हातून त्या दाट छायेत पाऊल टाकताच हवेचा स्पर्श बदलला. मांडीएवढ्या जाडीच्या वेली, पायाखाली कुजलेल्या पानांचा मऊ थर आणि त्याखाली टिकून राहिलेला ओलावा. आनूप व जांगल देशांतील जो भेद वर्गात तासभर समजावून सांगावा लागतो, तो तेथे शंभर पावलांत कळला. एका विद्यार्थिनीने नमुन्यासाठी एक रोप उपटले. सोबतचे वृद्ध गावकरी शांतपणे म्हणाले, “बाय, ते हितंच राहू दे. हितलं काही घरला नेत न्हाईत.” ती संकोचली, खरे तर संकोच मला वाटावयास हवा होता, कारण नमुन्यांची पिशवी माझ्याच सूचनेवरून आणली होती.

परतताना चरकसंहितेच्या कल्पस्थानातील पहिला अध्याय आठवला. औषधिसंग्रहणास योग्य भूमी सांगताना आचार्यांनी श्मशान, चैत्य व देवयजनाचे स्थान वर्ज्य केले आहे. हे आपण परीक्षेत लिहिले आणि विसरलो. गावकऱ्यांनी ते न वाचता पाळले. गोपाळ, मेंढपाळ व वनवासी यांना औषधींची नामरूपे ठाऊक असतात, हेही चरकाचार्यांनीच म्हटले आहे.

देवराया हे सह्याद्रीतील एक प्राचीन वनजालच होय. प्रा. माधव गाडगीळ व डॉ. वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात त्यांचा शास्त्रीय अभ्यास केला आणि १९८१ मध्ये महाराष्ट्रातील दोनशेहून अधिक देवरायांची सूची प्रसिद्ध केली. काही देवराया एकरभरही नाहीत, तर काही डोंगराचा आख्खा उतार व्यापून आहेत. भोवतालचे रान कोळशासाठी व शेतीसाठी तुटले, तरी त्यांतील बीज टिकले. सिंधुदुर्गातील हेवाळे-बांबर्डे येथील रानटी जायफळाची दलदल ग्रामस्थांच्या श्रद्धेनेच वाचली. जैविक विविधता कायदा, २००२ च्या कलम ३७ अन्वये तिला आता वारसास्थळाचा दर्जा मिळाला आहे. दक्षिणेतील राज्यांत १९९३ पासून व पुढे महाराष्ट्रातही औषधी वनस्पती संवर्धन क्षेत्रे निर्माण झाली. त्यांचे तत्त्वही हेच, की वनस्पती तिच्या मूळ स्थानीच राखावी.

आज या वनांवर दोन संकटे आहेत. पहिले गावातूनच येते. देव मोठा करावयाचा म्हणून सिमेंटचा सभामंडप उभा राहतो आणि त्यासाठी वृक्ष तोडले जातात. दुसरे संकट बाजारातून, म्हणजे काही अंशी आपल्याकडून येते. कॅम्प्टोथेसिन या कर्करोगोपयोगी द्रव्यासाठी नरक्याची कोकण व सह्याद्रीत कशी लूट झाली, हे सर्वज्ञात आहे. नरक्या आपल्या संहितांतील द्रव्य नव्हे, असे म्हणून हात झटकता येतील. सीता-अशोकाविषयी तसे म्हणता येणार नाही. तो आंतरराष्ट्रीय सूचीत संकटप्रवण म्हणून नोंदला गेला आहे आणि बाजारात त्याच्या नावाखाली आसुपालवाची साल सर्रास विकली जाते. वृक्षाचा ऱ्हास व औषधाचा ऱ्हास ही एकाच व्याधीची दोन लक्षणे आहेत.

कायद्यातील २०२३ च्या दुरुस्तीने नोंदणीकृत आयुष व्यावसायिकांना जैविक संसाधनांच्या वापराबाबत राज्य मंडळास पूर्वसूचना देण्यातून सूट दिली. आपल्या वर्गात तिचे स्वागत झाले, ते योग्यही आहे. तथापि बाहेरचा निर्बंध सैल झाला, की आतला निर्बंध दृढ असावा लागतो. शासनाने विश्वास ठेवला तो वैद्याच्या विवेकावर. तो विवेक आपण कृतीने दाखविला नाही, तर पुढील पिढीस सूटही उरणार नाही आणि सालही.

म्हणून तीन सूचना सभासदांपुढे ठेवतो. पहिली, प्रत्येक जिल्हा शाखेने वर्षातून एकदा आपल्या परिसरातील देवराईचे दर्शन घडवावे. ग्रामस्थांची अनुमती घ्यावी, संख्या अल्प ठेवावी, पादत्राणांबाबत गावाचा रिवाज पाळावा, छायाचित्रे व टिपणे न्यावीत. पान, फांदी, बी काहीही नेऊ नये. ज्यांनी देवराई राखली त्यांच्या घरी भोजन घ्यावे व त्याचे योग्य मूल्य द्यावे. दुसरी, औषधी निर्मात्यांनी साल व मूळ ही अंगे लागणाऱ्या द्रव्यांच्या खरेदीत उगमस्थान लेखी मागावे आणि लागवडीच्या मालास, तो महाग पडला तरी, अग्रक्रम द्यावा. दर वाढतील हा आक्षेप मला मान्य आहे. परंतु स्वस्त अरिष्टात अशोकच नसेल, तर रुग्णाने पैसे कशाचे दिले? तिसरी, देवराईत सभामंडप बांधण्याचा प्रस्ताव आला, तर गावातील वैद्याने ग्रामसभेत उभे राहून बोलावे. आपला शब्द गाव आजही ऐकतो.

जनपदोद्ध्वंसाच्या प्रकरणात भगवान आत्रेय शिष्यास सांगतात, की भूमी विरस होण्यापूर्वीच औषधी संग्रहित करून ठेवाव्यात. आजच्या काळात या उपदेशाचा अर्थ गोदामे भरणे असा घेता येणार नाही. भूमीच विरस होऊ न देणे, हाच आता खरा संग्रह होय.