गणेशखिंडींतील दुसरा मृत्यु

चिंचवडच्या चापेकर बंधूंवरील ‘२२ जून १८९७’ ह्या १९७९ सालच्या चित्रपटाचा विषय निघाला कीं एक आक्षेप आमच्या कानीं येतो: हुतात्म्यांच्या कथेंत चुकांची आणि अपराधाची चर्चा कशाला?

हा आक्षेप आम्हांस मुळींच मान्य नाहीं. प्लेगच्या बंदोबस्ताच्या नांवाखालीं गोरे शिपाई पुण्यांत घरोघर शिरले. त्यांतून पेटलेला संताप न्याय्यच होता, हें आम्ही आधींच सांगून टाकतों. पण नेम होता रँडवर, आणि गणेशखिंडीच्या रस्त्यावर जागच्या जागीं मेला तो आयर्स्ट. रँड ३ जुलैला गेला. पुढें द्रविड बंधूंनीं खबर दिली. ८ फेब्रुवारी १८९९ रोजीं त्यांच्यावर गोळ्या झाडण्यांत आल्या व दोघांचेहि प्राण गेले. अखेर तिघे सख्खे भाऊ आणि महादेव रानडे फांसावर चढले. ह्यांतील एकहि गोष्ट मागें फिरवितां आली नाहीं. शोकनाट्य म्हणजे तरी दुसरें काय?

आयर्स्टचें नांव घेण्याची ज्यास भीति वाटते, त्याची भक्तीच कच्ची आहे. निर्दोष मूर्ति पूजणें सोपें. नको तो बळी ज्याच्या हातून गेला आणि ज्यानें त्याचें मोल स्वतःच्या प्राणांनीं चुकविलें, तो माणूस समजून घेणें कठीण. नचिकेत व जयू पटवर्धन ह्यांनीं चित्रपटास वीराचें नांव न देतां नुसती तारीख दिली, ह्यांतच त्यांचा विवेक दिसतो. चिंचवडच्या चौकास आज चापेकरांचें नांव आहे. तेथें हार घालणारांनीं त्या तारखेचा सबंध हिशेब मांडावा, एवढेंच आमचें मागणें आहे.