जुन्या जिप्सीला पॉवर स्टिअरिंग बसवताय? आधी ‘प्ले’ मोजा

एका बोटाने स्टिअरिंग फिरतंय, खाली जाडजूड टायर, मागे पावसातला डोंगर. जुन्या मारुती जिप्सीला इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग बसवल्याचे असे रील्स तुमच्याही फीडमध्ये येत असतील. खाली कमेंट्समध्ये एकच प्रश्न असतो: ‘भाऊ, खर्च किती आला?’ पण त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे. मोटरने दिलेला जादा जोर ज्या जुन्या सांध्यांमधून चाकापर्यंत जाणार आहे, ते सांधे धड आहेत का?

हा विषय आत्ताच का?

जिप्सी भारतात १९८५ मध्ये आली आणि २०१८-१९ च्या सुमारास सर्वसामान्य ग्राहकांसाठी तिची विक्री थांबली. म्हणजे आज रस्त्यावर दिसणारी जवळपास प्रत्येक जिप्सी जुनीच आहे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर तपासणी करून दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. २०१०-११ मध्ये घेतलेल्या गाड्या आत्ता त्या टप्प्यावर आल्यात.

या नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ मध्ये कारसाठी ६०० रुपयांवरून थेट ५,००० रुपये झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी ती १०,००० रुपये करण्यात आली. दुसऱ्या बाजूला २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सगळ्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी लागू झाला. आधी बऱ्याच भागांवर तो २८ टक्के होता.

थोडक्यात, जुनी गाडी कागदावर ठेवणं महाग झालं आणि तिचे पार्ट्स थोडे स्वस्त झाले. एवढी फी भरून गाडी ठेवायचीच, तर ती चालवायला सोपी करून घेऊ, असं मालकांना वाटणं साहजिक आहे. त्या यादीत पॉवर स्टिअरिंग सगळ्यात वर असतं. कारण आपल्याकडे विकल्या गेलेल्या जिप्सीत ते नव्हतंच.

हाताचा जोर चाकापर्यंत कसा पोचतो?

तुम्ही स्टिअरिंग फिरवता. त्याचा रॉड म्हणजे कॉलम, तो खाली जाऊन एका छोट्या शाफ्टला जोडलेला असतो. तो शाफ्ट स्टिअरिंग बॉक्समध्ये जातो. बॉक्सच्या आत गोळ्यांवर सरकणारा नट असतो आणि तो गोल फिरण्याचं रूपांतर एका दांड्याच्या हेलकाव्यात करतो. हा दांडा म्हणजे पिटमन आर्म. तो ड्रॅग लिंकला ढकलतो, ड्रॅग लिंक एका चाकाला वळवते आणि टाय रॉड दुसऱ्या चाकाला सोबत ओढतो. दोन्ही चाकं ज्या सांध्यावर वळतात तिथे किंगपिनचे बेअरिंग असतात.

या साखळीत मोजून सात-आठ सांधे आहेत. प्रत्येक सांधा केसभर झिजला तरी सगळ्यांची बेरीज तुमच्या हातात जाणवते. स्टिअरिंग हलतं, चाक हलत नाही. यालाच गॅरेजमध्ये ‘प्ले’ म्हणतात.

साध्या कारपेक्षा जिप्सीत हा त्रास जास्त का? पुढे पाट्यांची स्प्रिंग आणि सलग ॲक्सल आहे. एक चाक दगडावर चढलं की अख्खा ॲक्सल तिरका होतो आणि धक्का थेट या लिंकांमध्ये येतो. ताडोब्यात सफारीच्या जिप्सी रोज अशाच वाटांवर धावतात. तुमची गाडी महिन्यातून एकदा ट्रेलला जात असली, तरी सांध्यांवर येणारा धक्का त्याच जातीचा असतो.

३० अंश म्हणजे किती?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम ९८ स्टिअरिंगबद्दल आहे. त्यानुसार स्टिअरिंग व्हीलवरचा प्ले ३० अंशांपेक्षा जास्त नसावा, बॉल जॉइंटवर रबरी टोप्या असाव्यात आणि जोडणीचे बोल्ट किंवा पिना नीट लॉक केलेल्या असाव्यात.

घड्याळात १२ ते १ हे अंतर ३० अंशांचं असतं. साधारण ३८ सेंटिमीटर व्यासाच्या स्टिअरिंगवर हे कडेला जवळपास १० सेंटिमीटर होतं. म्हणजे कायद्याची मर्यादा बरीच सैल आहे. ती पाळली म्हणजे गाडी ठणठणीत, असं समजू नका.

एक ढोबळ हिशेब करून बघू. जिप्सीचा व्हीलबेस २,३७५ मिलिमीटर आहे. ताशी ६० किलोमीटर वेगात पुढची चाकं फक्त १ अंशाने वळली, तर एका सेकंदात गाडी साधारण १ मीटर बाजूला सरकते. टायरची घसरण यात धरलेली नाही, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा थोडा कमी येईल. तरी घाटात समोरून एसटी येत असताना अर्धा मीटरसुद्धा खूप होतो. सैल सांध्यांमुळे चाकांना जी मोकळीक मिळते, ती याच प्रमाणात मोजायची.

मोटर लागते कुठे, इथेच गोम आहे

बहुतेक जुगाडू किटमध्ये एखाद्या छोट्या कारचा इलेक्ट्रिक कॉलम काढून जिप्सीत बसवतात. कॉलमच्या आत एक पातळ दांडी असते. तुम्ही जोर लावला की ती किंचित पिळली जाते, सेन्सर तो पीळ मोजतो, ईसीयू हिशेब करतो आणि मोटर त्याच दिशेने जोर लावते. कल्पना सुंदर आहे.

पण ही मोटर साखळीच्या सुरुवातीला बसते. तिचा सगळा जोर पुढच्या जुन्या शाफ्टमधून, जुन्या बॉक्समधून आणि जुन्या लिंकांमधूनच जातो. पूर्वी चाक दगडात अडकलं की तुमचे हात थकायचे आणि तुम्ही थांबायचात. आता मोटर थकत नाही. म्हणजे झिजलेल्या सांध्यावरचा भार वाढतो आणि प्ले मात्र आहे तेवढाच राहतो.

दुसरा तोटा लवकर लक्षात येत नाही. जड स्टिअरिंग त्रासदायक असतं, पण ते तुम्हाला खालची खबर देतं. कुठे खट्ट वाजलं, कुठे अडलं, हे हाताला कळतं. मोटर आली की ही खबर पुसट होते. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात याला एरर दुरुस्त न करता त्याचा अलर्ट म्यूट करणं म्हणतील. स्क्रीन शांत, आत बिघाड तसाच.

तिसरी गोष्ट सिग्नलची. मूळ कारमध्ये ईसीयूला गाडीचा वेग कळत असतो. वेग वाढला की तो मदत कमी करतो, म्हणजे हायवेवर स्टिअरिंग घट्ट राहतं. जिप्सीत बसवताना हा सिग्नल दिला नाही, तर ईसीयू बिघाड समजून ठरावीक मदत देत राहतो. पार्किंगमध्ये मजा येते, पण ८० च्या वेगात स्टिअरिंग नको इतकं हलकं लागतं. शिवाय मोटर जोरात काम करताना बॅटरीतून काही दहा अँपिअर करंट खेचते. जुनी वायरिंग आणि अल्टरनेटर ते झेपवतील का, हे आधी तपासायला हवं.

आणि सगळ्यात धोक्याचं काम म्हणजे लांबी जुळवण्यासाठी कॉलम किंवा शाफ्ट कापून वेल्डिंग करणं. इतर कुठलं वेल्डिंग तुटलं तर गाडी बंद पडेल. हे तुटलं तर गाडी चालू राहील आणि वळणार नाही.

कायदा काय म्हणतो?

९ जानेवारी २०१९ रोजी केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ स्पष्ट केला. नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आणलं. परवानगी नसलेला बदल केला, त्यात बाहेरचे पार्ट बसवणंही आलं, तर मालकाला प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

आता गंमत बघा. आरसीवर इंजिन नंबर, चासी नंबर, इंधन, सीट्स असं सगळं असतं, पण स्टिअरिंग पॉवरचं की साधं, हे नसतं. त्यामुळे ‘आरसीतला तपशील कुठे बदलला?’ असा युक्तिवाद करता येतो. पण १८२अ आरसीपुरतं थांबत नाही. म्हणून हा भाग धूसर आहे आणि ‘सगळे करतात’ हा त्यावरचा बचाव नाही. अपघात झाला तर पहिला प्रश्न विमा कंपनीचा असेल: हा बदल आम्हाला कळवला होता का?

याउलट टाय रॉड एंड, किंगपिन बेअरिंग, शाफ्टचे जॉइंट कंपनीच्या मापाचेच नवे टाकणं ही सरळ दुरुस्ती आहे. नियम ९८ तर तेच सांगतो.

माझ्या मते धोरणाची खरी उणीव इथे आहे. सीएनजी किटसाठी व्यवस्था आहे: पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून चाचणी, मंजूर किट आणि आरसीवर नोंद. स्टिअरिंगच्या किटसाठी असा सरळ, सगळ्यांना माहीत असलेला रस्ता दिसत नाही. जुनी गाडी ठेवायला सरकार जास्त फी घेतं, पण ती सुरक्षित करायची वाट दाखवत नाही. मग काम होतंच, फक्त ते चाचणी न झालेल्या वेल्डिंगवर होतं.

मग क्रम काय ठेवायचा?

आधी घरच्या घरी तपासा. गाडी सपाट जागी, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला. एकाने स्टिअरिंग डावी-उजवीकडे थोडंथोडं हलवायचं, दुसऱ्याने खाली बघून प्रत्येक सांध्यावर बोट ठेवायचं. दांडा हलतो पण पुढचा भाग उशिरा हलतो, तो सांधा गेला. मोबाइलवर स्लो मोशन व्हिडिओ काढला तर हे अजून स्पष्ट दिसतं.

मग पुढचं चाक जॅकवर घ्या, खाली स्टँड लावा. चाक वरून-खालून धरून हलवा. खडखडलं तर कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खडखड थांबली तर चाकाचं बेअरिंग, नाही थांबली तर किंगपिनवर संशय घ्या.

झिजलेले सांधे बदलून झाल्यावरच बॉक्सकडे वळा. बॉक्सवरचा स्क्रू थोडा आवळून प्ले कमी करता येतो, आणि अनेक गॅरेजमध्ये पहिला हात तिथेच जातो. हे उलटं आहे. लिंकांचा प्ले बॉक्सवर काढायला गेलात तर बॉक्स आत घासतो आणि वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही.

त्यानंतर टायरची हवा, बॅलन्सिंग, अलाइनमेंट. खड्ड्यावरून गेल्यावर पुढचा भाग थरथरायला लागतो म्हणून नुसता नवा स्टिअरिंग डँपर टाकू नका. तो थरथर दाबतो, कारण तसंच राहतं. रुंद टायर आणि स्पेसर लावले असतील तर स्टिअरिंग जड होण्याचं अर्धं उत्तर तिथेच आहे.

एवढं करून गाडी चालवून बघा. बऱ्याच जणांना जड स्टिअरिंगचा त्रास असतो तो मुळात सुकलेल्या किंगपिनचा आणि कमी हवेचा असतो. तरीही मोटर हवीच असेल तर गॅरेजला चार गोष्टी विचारा: कॉलम कापणार का, वेगाचा सिग्नल कुठून देणार, वेगळा फ्यूज आणि जाड वायर टाकणार का, आणि चालत्या गाडीत मोटर बंद पडली तर स्टिअरिंग हाताने फिरेल का. शेवटचा प्रश्न मोकळ्या मैदानात, कमी वेगात, फ्यूज काढून स्वतः तपासा. उत्तरं गोलमाल आली तर ॲडव्हान्स देऊ नका, आणि बसवलंच तर विमा कंपनीला लेखी कळवा.

टाय रॉड एंड आणि बेअरिंग बदलण्यावर रील बनत नाही. पण ताम्हिणीच्या वळणावर गाडी तुमच्या लेनमध्ये राहते ती त्यांच्याच जोरावर.