संक्रांत कोणावर?

जानेवारी उजाडला की मराठी घरात दोन संक्रांती येतात. एक तिळगुळाची, हलव्याच्या दागिन्यांची, बोरन्हाणाची. दुसरी वर्तमानपत्राच्या मथळ्यातून डोकावते: फेरीवाल्यांवर संक्रांत, कमी पटाच्या शाळांवर संक्रांत, रस्तारुंदीकरणात वडांवर संक्रांत. ही दुसरी मात्र बारमाही. दिवाळी किंवा दसरा कधी कोणावर ‘येत’ नाही. गोड बोलायला सांगणाऱ्या सणानेच संकटासाठी इतका हुकमी शब्द पुरवावा, ही मराठीची गंमत.

याचं मूळ पंचांगात सापडतं. तिथे संक्रांत ही देवी आहे. तिचं वाहन, वस्त्र, हातातलं शस्त्र, खाणं, सगळं दरवर्षी वेगळं. ती जे वापरेल ते महागणार, जिकडून आली तिकडे सुख आणि जिकडे निघाली तिकडे दुःख, असा समज. म्हणून तर ‘यंदा संक्रांत पिवळ्यावर आहे’ म्हणत हळदीकुंकवाच्या साड्या बदलल्या जातात. वास्तविक तिचं वाहन ठरतं करणावरून, म्हणजे अर्ध्या तिथीवरून. बव करण असेल तर सिंह, बालव असेल तर वाघ, तैतिल असेल तर गाढव. निव्वळ गणित! पंचांगकर्ते दा. कृ. सोमण संक्रांत अशुभ नाही हे वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. साड्या तरीही बदलतात.

पानिपतामुळे हा वाक्प्रचार आला, असंही हौसेने सांगितलं जातं. लढाई १४ जानेवारी १७६१ची, हे खरं. पण संक्रांतीची तारीख शतकागणिक पुढे सरकते. त्या वर्षी ती तीन-चार दिवस आधीच होऊन गेली होती.

बोलण्यात मात्र या शब्दाची जागा अगदी नेमकी आहे. रखडलेल्या पुलाला ग्रहण लागतं, संक्रांत नाही. साडेसाती मागे लागते आणि रेंगाळते. पनवती बहुधा माणूस असतो, आणि तो नेमका क्रिकेटचा सामना बघायला येऊन बसतो. संक्रांत वरून येते, एकदम येते आणि सहसा एखाद्याच्या पोटावर येते.

‘वरून’ येते, इथेच हा शब्द खटकू लागतो. २०१७ साली राज्य सरकारने दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे १३०० शाळा बंद करायचं ठरवलं. तो निर्णय होता. त्यामागे मंत्री होते, खातं होतं, कागद होता. ‘शाळांवर संक्रांत’ म्हटलं की हे सगळे वाक्यातून अलगद बाहेर पडतात आणि उरते ती गाढवावर बसून आलेली देवी. पंचांगातली संक्रांत लोकांना उगाच घाबरवते. मथळ्यातली संक्रांत जबाबदार माणसाला लपवते. या स्तंभाला दुसरी जास्त घातक वाटते.

नायलॉन मांजाचंच बघा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्येच त्यावर देशभर बंदी घातली. तरी दर जानेवारीत पंख कापलेले पक्षी आणि गळा चिरलेले दुचाकीस्वार रुग्णालयात येतात, आणि मथळा ठरलेला: ‘पक्ष्यांवर संक्रांत’. ‘बंदी असलेला मांजा भर बाजारात विकला’ हा मथळा चार शब्दांनी लांब पडतो खरा, पण तेवढी जागा कोणत्याही पानावर निघते.