म्हातारपणी खुबा मोडला, तर थांबू नका



या सदरात आपण नेहमी पिकांविषयी बोलतो. आज घरातल्या म्हाताऱ्या माणसांविषयी बोलू.

माझी आत्या गोठ्यात शेणावरून घसरून पडली. वय सत्तरीच्या पुढे. उठता येईना. मुका मार असेल, असे म्हणून आम्ही लेप लावला, हाडवैद्याची पट्टी बांधली. या वयात चिरफाड कशाला, असे माझ्यासारख्या शिकलेल्या माणसालाही वाटले. पंधरा दिवस ती खाटेवर पडून राहिली. पाठीला जखमा झाल्या, छातीत कफ भरला आणि आत्या गेली. ही चूक तुमच्या हातून होऊ नये, म्हणून हे लिहितो.

पडल्यावर जांघेत कळ येते, पाय टेकवत नाही, पाय आखूड दिसतो आणि पाऊल बाहेरच्या अंगाला वळते. असे दिसले की खुबा मोडला असे समजावे. पाय चोळू नये, ओढू नये, माणसाला उभे करू नये. १०८ ला फोन करावा. चालू असलेल्या गोळ्या सोबत न्याव्यात. रक्त पातळ करणारी गोळी असेल, तर डॉक्टरांना आधी सांगावे.

खुब्याचे हाड दोन जागी मोडते. मांडीच्या हाडाच्या वरच्या गोळ्याला बहुतेक रक्त मानेच्या बाजूने मिळते, जसा फळाला देठातून रस मिळतो. देठ तुटला की फळ सुकते. म्हणून मान मोडून सरकली असेल, तर म्हाताऱ्या माणसात बहुधा तो गोळा काढून धातूचा बसवतात. मानेच्या खाली मोडले, तर तिथे रक्त भरपूर असते. अशा वेळी सळई किंवा पट्टी घालून हाड आवळतात आणि ते जुळून येते.

ही शस्त्रक्रिया शक्यतो एक-दोन दिवसांत व्हावी. पुष्कळदा कमरेत सुई देऊन फक्त खालचे अंग बधिर करतात. सारे ठीक असेल, तर दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभे करतात. धोका मुळीच नाही असे मी म्हणत नाही. पण खाटेला खिळून राहण्याचा धोका बहुतेकांना त्याहून मोठा असतो.

खर्चाची काळजी असते. २०२४ पासून सत्तर वर्षे व त्यावरील सर्वांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान कार्ड काढता येते. ते आजच काढून ठेवा आणि जवळच्या कोणत्या रुग्णालयात चालते, तेही विचारून ठेवा. गोठ्यात आणि मोरीत रात्री दिवा असू द्या, निसरडी फरशी खरखरीत करून घ्या. एकदा हाड मोडले, की हाडे ठिसूळ झाली आहेत का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

वाफसा निघून गेल्यावर पेरून उपयोग नसतो, हे तुम्हाला मी काय सांगावे? इथेही तसेच आहे.