सन बदलला, तो कोणासाठी?

रोममधला डायोनिसियस एक्झिगस हा मठवासी साधू ५२५ साली जगाची कालगणना बदलायला बसला नव्हता. ईस्टर कोणत्या रविवारी येतो, एवढेच त्याला ठरवायचे होते. त्याच्यासमोर अलेक्झांड्रियाच्या परंपरेतली कोष्टके होती. त्यांतली वर्षे २८४ साली गादीवर आलेल्या रोमन सम्राट डायोक्लेशियनच्या कारकिर्दीपासून मोजलेली होती. याच सम्राटाने ३०३ साली चर्च पाडण्याचे आणि धर्मग्रंथ जाळण्याचे फर्मान काढले होते. छळ करणाऱ्याचे नाव आपल्या सणाच्या कोष्टकावर कशाला, असे म्हणून डायोनिसियसने ख्रिस्ताच्या देहधारणेपासून मोजणी धरली. डायोक्लेशियनचे २४७वे वर्ष जिथे संपले, तिथून पुढे त्याने ५३२ लिहिले. आज जगभर चालतो तो सन हाच.

 

इजिप्तमधल्या कॉप्टिक ख्रिस्ती लोकांनी मात्र ती जुनी मोजणी सोडली नाही. छळाची सर्वाधिक झळ ज्यांना लागली त्यांतले ते एक. तिथे तो जवळपास दहा वर्षे चालला. वर्षांचा आकडा त्यांनी तसाच चालू ठेवला आणि डायोक्लेशियनच्या सनाला हुतात्म्यांचा सन म्हटले. सप्टेंबरात त्यांचे नवे वर्ष सुरू होते आणि त्या दिवशी चर्चमध्ये हुतात्म्यांचे स्मरण होते. २०२५च्या सप्टेंबरात १७४२वे वर्ष लागले. आम्हाला ही कृती डायोनिसियसच्या कृतीपेक्षा मोठी वाटते. डायोनिसियसच्या कोष्टकातून सम्राटाबरोबर त्याचे बळीही गेले. कॉप्टांच्या तारखेत बळी राहिले.

अलीकडे ‘इसवी सन’ऐवजी ‘सामान्य युग’ लिहावे, असा आग्रह धरला जातो. ख्रिस्ती नसलेल्याने ख्रिस्ताच्या नावाने वर्ष का मोजावे, ही हरकत रास्त आहे. पण आकडा तोच ठेवून नुसते नाव बदलल्याने मोजणीचा आरंभबिंदू हलत नाही. तो आजही त्या ईस्टरच्या कोष्टकातलाच आहे. जग या सनावर एकमताने आलेले नाही. तो आधी चर्चबरोबर आणि मग युरोपच्या आरमारांबरोबर व साम्राज्यांबरोबर पसरला. ‘सामान्य’ या नावात त्यातले काहीच दिसत नाही.