गर्दींतील पाऊल

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं आमच्या नागपुरांत मारबतींची मिरवणूक निघते. लहानपणीं सकाळीं बोळांतील ओल्या चिखलावर उमटलेलीं पावलें पाहून 'हा कोण गेला?' हें ओळखण्याचा खेळ आम्ही मुलें खेळत असूं. मिरवणूक येऊन गेली कीं खेळ संपे. चिखल तोच असे, पण पावलावर पाऊल पडून एकहि ठसा धड उरत नसे.

परवां नातीनें विचारलें, "आजोबा, सर्नमध्यें कणांच्या टकरी पुष्कळ वाढविणार आहेत, मग ज्ञानहि तितकेंच वाढेल ना?" तेव्हां मला हा खेळ आठवला.

जिनीव्हाजवळ जमिनीखालीं २७ किलोमीटर परिघाच्या वर्तुळांत प्रोटॉनांचे पुंजके समोरासमोर धाडतात. सेकंदांत सुमारें ४ कोटी वेळां ते परस्परांस छेदतात. टकरींतून निघालेला कण कोणासहि दिसत नाहीं. धुरावरून अग्नीचें अनुमान करावें, त्याप्रमाणें सिलिकॉनच्या पातळ थरांवरील खुणांवरून विद्युद्भारित कणाचा मार्ग ठरवितात.

मूळ आराखड्यांत एका छेदास पंचवीसच्या आसपास टकरी होत्या. २०३० च्या सुमारास त्या १४० ते २०० करण्याची योजना आहे. म्हणजे नित्य मारबतीची मिरवणूकच! अशा गर्दींत ठसे मिसळतात, आणि प्रारणानें सिलिकॉनहि जीर्ण होतें. म्हणून तेथील सीएमएस या प्रयोगांत संपूर्ण मार्गशोधक नवा बसवावयाचा आहे. त्याची युक्ति ऐकण्याजोगी आहे. सिलिकॉनच्या दोन चकत्या अगदीं जवळ ठेवावयाच्या. चुंबकाच्या प्रभावानें कमी जोराचा कण अधिक वळतो, जोरदार कण जवळजवळ सरळ जातो. दोन्ही ठशांतील फरक पाहून दुबळे कण तेथल्या तेथें बाजूस सारले जातात.

हें काम केवळ परक्यांचें आहे, असें वाचकांनीं समजूं नये. २०१३-१४ च्या सुमारास यंत्र बंद असतांना सीएमएसमध्यें म्यूऑन कण टिपणारे नवे शोधक बसविले गेले. त्यांपैकीं कांहीं मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रांत व चंदीगडच्या पंजाब विद्यापीठांत जोडले होते. जुन्या विजेच्या बटनांचें जें बेकेलाइट, त्याच्याच तक्त्या, आणि मध्यें अवघी २ मिलिमीटर वायूची फट! म्यूऑन तींतून गेला कीं विजेचा क्षणिक लोट उमटतो.

परंतु यांत एक भय आहे. यंत्रानें क्षणांत जें टाकलें, तें पुन्हां हातीं येत नाहीं. एखादें अज्ञात सत्य दुबळ्या पावलांनींच चालत गेलें, तर तें टाकलें गेल्याचेंहि कोणास कळणार नाहीं. म्हणून शास्त्रज्ञ कांहीं थोड्या नोंदी मुळींच निवड न करतां जपतात, आणि त्यांवर आपला टाकण्याचा नियम पारखतात.

नातीस मीं सांगितलें, "बाळ, टकरींनीं ज्ञान वाढत नाहीं, गर्दींत एकेक पाऊल वेगळें ओळखतां आलें, तर वाढतें." हें बोललों खरा, पण मनांत साठ-साठ मुलांचे माझे वर्ग उभे राहिले. दुबळा म्हणून ज्यास मीं चार दिवसांत मागच्या बांकावर बसविलें, त्याचें पाऊल मीं नीट पाहिलें होतें काय? त्या निवडीची पारख करण्यास मजजवळ आज एकहि नोंद नाहीं.