टाकी चकचकीत, ऑइलमध्ये चुरा

जुनी बुलेट किती चांगली ठेवली आहे हे टाकीवरच्या सोनेरी रेघा सांगत नाहीत. ड्रेन नट सोडल्यावर घमेल्यात काय पडतं, ते सांगतं. पण तिकडे बघतो कोण? ऑइल काळं निघालं, ओतून दिलं, नवं भरलं, पुसलेल्या गाडीचा फोटो टाकला. तळाशी काही चमकताना दिसलंच, तर गॅरेजमध्ये एक ठरलेलं वाक्य ऐकायला मिळतं: 'जुनी गाडी आहे, एवढं निघणारच.'

माझं भांडण या वाक्याशी आहे.

वाक्य अर्धं खरं आहे, म्हणूनच ते खपतं. धातूवर धातू फिरला की झीज होणारच. इंजिन नुकतंच बांधलं असेल तर पहिल्या ऑइलमध्ये राखाडी चमक दिसते. बोटावर चोळून पिठासारखं लागलं, तर घाबरायचं कारण नाही. पण नखावर उचलता येईल असा कण, पापुद्रा किंवा कड असलेला तुकडा निघाला, तर ती नुसती झीज नव्हे. आत काहीतरी तुटतंय किंवा सोलवटतंय. 'एवढं' म्हणजे नक्की केवढं आणि कशाचं, हे न विचारता 'निघणारच' म्हणणं हा अनुभव नव्हे, आळस आहे.

आणि विचारायला लागतं तरी काय? एक लोहचुंबक आणि एक पांढरं फडकं. कण चुंबकाला चिकटला तर तो लोखंड-पोलादाचा, म्हणजे गिअर, बेअरिंग, चेन, रिंगा किंवा ओतीव लोखंडाचा सिलिंडर. चिकटला नाही आणि पांढरट असेल, तर संशय पिस्टनवर किंवा अॅल्युमिनियमच्या केसवर. सोनेरी-तांबूस असेल तर एखादं बुश, उदाहरणार्थ गजनपिनचं. जुन्या कास्ट आयर्न बुलेटमध्ये तर इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच बाजूची चेन यांचं वंगण वेगवेगळं असतं. कोणत्या कप्प्यातून चुरा आला यावरूनच निम्मा तपास होतो. आपण मात्र तिन्हीकडचं एकाच घमेल्यात काढतो आणि आयता पुरावा मिसळून टाकतो.

जावा-येझदी किंवा आरएक्स १०० वाल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. टू-स्ट्रोकमध्ये इंजिनाचं ऑइल पेट्रोलबरोबर जळून जातं. तुम्ही बदलता ते गिअरबॉक्सचं. त्यात गिअर आणि क्लचची हालहवाल कळेल, पिस्टनची नाही. ते ऑइल स्वच्छ निघालं म्हणून 'इंजिन एकदम ओके' असं सांगणारा तुम्हाला फसवतोय, किंवा त्यालाच ठाऊक नाही.

आता आपल्या किनाऱ्याकडे या. मांडव्यापासून मुरूड-श्रीवर्धनपर्यंत जुन्या गाड्यांची हौस वाढली आहे. हौसेबद्दल तक्रार नाही. पण यातल्या कितीतरी गाड्या वीकेंडच्या घरात उभ्या असतात. जूनमध्ये ताडपत्री पडते, ती पाऊस संपल्यावर निघते. चार महिने दमट, खारी हवा. वरच्या भागांवरचा ऑइलचा पातळ थर खाली उतरतो, उघड्या पोलादावर गंज धरतो. पुढे किक मारली की तोच गंज घासकागदासारखा आत फिरतो. यावर लोकांचा उपाय काय, तर घर सांभाळणाऱ्याला सांगायचं, 'रोज पाच मिनिटं चालू करून ठेव.' पाच मिनिटांत इंजिन नीट तापतच नाही. जळणातून तयार झालेलं पाणी उडून न जाता आतच राहतं आणि ऑइलचा पांढरट ताकासारखा काला होतो. म्हणजे काळजी म्हणून जे करतो, त्यानंच गंज वाढतो.

त्याच किनाऱ्यावर दुसरीही इंजिनं आहेत, ती जरा बघा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या ओढून शाकारतात आणि इंजिनाची कामं त्याच दिवसांत काढतात. कारण उघड आहे. भर समुद्रात इंजिन जाम झालं तर ढकलत गॅरेजला नेता येत नाही. हेलिकॉप्टरमध्ये तर ऑइलच्या वाटेत चुंबकी प्लग बसवलेला असतो. धातूचे कण त्याला चिकटले की सर्किट जुळतं आणि पायलटसमोर दिवा लागतो. 'जुनं हेलिकॉप्टर आहे, एवढं निघणारच' असं तिथे कुणी म्हणत नाही.

'आपली तर मोटरसायकल आहे, बंद पडली तर बाजूला घेऊ,' असं कुणी म्हणेल. क्रँक किंवा पिस्टन चालत्या गाडीत जाम झाला की मागचं चाक अडकतं. क्लच दाबायला मिळतो क्षणभराचा वेळ. कार्लेखिंडीच्या वळणावर, मागे डंपर आणि सीटवर दुसरं माणूस असताना, तो क्षण पुरेल याची हमी कोण देणार? ज्यानं चुरा बघून 'चालतंय की' म्हटलं, तो तिथे नसतो.

उलट्या टोकाचा धंदाही तेवढाच वाईट. थोडी चमक दिसली की 'पूर्ण इंजिन खोलावं लागेल' म्हणून घाबरवायचं आणि चांगले मूळ पार्ट काढून बाजारातले हलके पार्ट घालायचे. या दोघांपासून वाचवणारी गोष्ट एकच, ती म्हणजे नोंद. ऑइल गरम असताना काढा, फडक्यातून गाळा. फिल्टरच्या घड्या उघडून बघा. जे निघेल ते छोट्या बाटलीत ठेवून तारीख आणि किलोमीटर लिहा. मोठा तुकडा निघाला तर गाडी तिथेच थांबवा. बारीक चुरा असेल तर नवं ऑइल भरून थोडंच चालवा आणि पुन्हा काढून बघा. कमी झाला तर ठीक, वाढला तर इंजिन उघडा. आणि जळकं ऑइल गटारात किंवा खाडीकडे सोडू नका. २०१६ च्या नियमांनुसार तो घातक कचरा आहे.

'व्हिंटेज' हा शब्द आपण फार स्वस्त केलाय. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली आणि चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार न केलेली गाडीच व्हिंटेज. कायद्यानंही इंजिन मोजलंय. आपण मोजतो क्रोम आणि लाइक्स. रिस्टोरेशनच्या बिलात रंगाला, सीटला आणि सायलेन्सरला रकाना असतो. पुढच्या वेळी पैसे देण्याआधी विचारा, ऑइलमध्ये काय निघालं? दाखवा म्हणा. दाखवायला काही ठेवलं नसेल, तर त्या गाडीवर कुणाला मागे बसवू नका.